चुन्याचं बोट

"साहेब, अंगठा बगा जरा तुमचा," नाथाजी म्हणाला.

मेटकरी सरांनी अंगठा बघितला नाही, प्रबंध बघितला. चार प्रती, काळं रेक्झिन, त्यावर सोनेरी अक्षरं, आणि सगळ्यात वरच्या प्रतीवर, त्यांच्या नावाच्या जरा खाली, एक पांढुरका ठसा. नाथाजीचं बाइंडिंगचं दुकान सांगलीच्या पेठेतल्या एका बोळात होतं. दुकान कसलं, जिना वळतो तिथली कोनाड्याएवढी जागा, आणि खळीचा आंबूस वास. शुक्रवारची संध्याकाळ. उद्या शनिवार, तीस डिसेंबर. दुपारी दोनला कोल्हापूरला विद्यापीठाची खिडकी बंद होणार, आणि खिडकीबरोबर सरांची नोंदणीही. दोनदा मुदत वाढवून मिळाली होती. तिसऱ्यांदा मिळायची नाही, असं तिथल्या कारकुनानं तोंडावर सांगितलं होतं. अशा वेळी ठशाचं काय एवढं कौतुक, म्हणून सरांनी रुमालाचं टोक जिभेला लावलं आणि कव्हर पुसलं. ठसा गेला. "गेला की," सर म्हणाले. नाथाजी हसला. "त्यो कुटला जातोय? चुना हाय त्यो. वला हाय तवर दिसत न्हाई. वाळू द्या, पुन्ना वर येतोय का न्हाई बगा. गिऱ्हाईक तंबाखू मळतंय आनि तसंच काळ्या कव्हराला हात लावतंय, लय वैताग हाय ह्यो." त्यानं प्रतींना सुतळी गुंडाळली, गाठ मारली, आणि गाठ मारून होते न होते तोवर ठसा वर आला होता. अंगठ्याच्या रेषांसकट.

तसं बघायला गेलं तर झालं काय? काहीही झालं नाही. सांगलीत रोज हजार माणसं तंबाखू मळतात आणि हजार वस्तूंना चुन्याचं बोट लावून ठेवतात. कुणावर आभाळ कोसळत नाही. पण सरांच्या पोटात अंधारात पायरी चुकावी तसं झालं. चुना म्हणजे कॅल्शियम. हे काही त्यांना आज कळत नव्हतं, बी.एस्सी.च्या पोरांना ते दरवर्षी फळ्यावर लिहून देत होते. पण माहीत असणं वेगळं आणि ते अंगाला लागणं वेगळं. नाथाजी सुट्टे पैसे शोधत होता आणि सरांना दिसत होता तो साताऱ्याच्या प्रयोगशाळेतल्या हरिबाचा अंगठा. काळा, रुंद, नखाच्या कडेला कायम एक पांढरी रेघ असलेला. तो अंगठा परीक्षानळीच्या तोंडावर दाबून बसलेला. नळी उलटी, नळी सुलटी, पुन्हा उलटी. पहिली नळी, दुसरी, तिसरी. मग चौथी. सर पुढचं बघायला तयार नव्हते. त्यांनी गठ्ठा काखेत मारला आणि पैसे न घेताच जिना उतरले. नाथाजी मागून हाका मारत राहिला.

आता ही चौथी नळी म्हणजे काय प्रकरण होतं, ते सांगायला हवं. कारण आठ वर्षं या माणसाचा संसार त्या नळीत होता. मेटकरी मूळचे आटपाडीकडचे, मेंढरांमागे फिरणाऱ्या घरातले. बाप धुळा लहानपणीच गेला, आई भामाबाईनं मेंढरं विकून पोराला बोर्डिंगात घातलं. पोरगं प्राणिशास्त्र शिकलं, साताऱ्याच्या कॉलेजात लागलं, आणि सत्तर साली कृष्णेतल्या शिंपल्यांवर पीएच.डी. करायला बसलं. शिंपला हा तसा आळशी जीव. चिखलात निम्मा रुतून बसतो, पाणी आत घेतो, बाहेर सोडतो. पण धोका दिसला की दोन्ही शिंपा मिटून घेतो, आणि एकदा मिटला की सुरी घातल्याशिवाय उघडत नाही. ही सगळी करामत एका बोटभर स्नायूची. तुमच्याआमच्या स्नायूसारखेच त्यातही दोन तऱ्हेचे धागे असतात, जाड आणि बारीक. बारीकावर जाड धागा चढला की स्नायू आखडतो. कॅल्शियम आलं की ओढायचं, कॅल्शियम गेलं की सोडायचं, असा हुकूम. हा हुकूम ऐकणारा लगाम सशाच्या, बेडकाच्या, माणसाच्या अंगात बारीक धाग्यावर असतो. परदेशात नुकतंच कुणी दाखवून दिलं होतं, की शिंपल्यांत तो जाड धाग्यावरच असतो, मायोसिन नावाच्या प्रथिनालाच चिकटलेला. आणि त्यातला बारकासा तुकडा काढून घेतला की मायोसिन थांबायचंच विसरतं. कॅल्शियम असो, नसो, ते आपलं राबत राहतं. सरांनी तो निबंध कोल्हापूरच्या ग्रंथालयात उभ्याउभ्या वाचला होता आणि त्यांची एस.टी. चुकली होती.

मग साताऱ्यात त्यांनी आपली मांडामांड केली. हरिबा, म्हणजे प्रयोगशाळेचा शिपाई, पहाटे माहुलीला जाऊन संगमाच्या खालच्या अंगाला गुडघाभर पाण्यात पायानं चाचपून शिंपले काढायचा. मग सायकलवर बर्फाच्या कारखान्यातनं भुश्यातली लादी आणायचा, कारण हे प्रथिन उन्हाला टिकत नाही. सर स्नायू कापायचे, वाटायचे, गाळायचे. चार नळ्या. तिघींत कमीजास्त कॅल्शियम. चौथीत कॅल्शियम तर नाहीच, उलट एक परदेशी पूड, पाण्यात चुकूनमाकून असलेलं कॅल्शियमसुद्धा वेचून मुठीत धरून ठेवणारी. पूड महाग, चिमटीनं वापरायची. प्रथिन राबलं की नळी निळी होणार, थांबलं की पांढरीच राहणार. चौथी पांढरी राहायला हवी. ती निळी झाली. त्र्याहत्तरच्या मे महिन्यात, दुपारी सव्वातीनला. दुसऱ्या दिवशी पुन्हा निळी. आठवडाभर निळी. कधी गडद, कधी फिकी, पण निळी. कृष्णेच्या शिंपल्याला लगामच नाही! त्याचा स्नायू हुकमावाचून राबतो! सरांनी हरिबाला मिठी मारली होती, आणि हरिबा "आवं सर, हात वले हायती" म्हणून लाजला होता.

त्या आनंदात सगळा वाटा शास्त्राचा नव्हता, हे सरांना त्याच दुपारी कळलं होतं. आदल्याच आठवड्यात ते आटपाडीला जाऊन आले होते. दुष्काळी कामावर आई खडी फोडत होती. दुपारी मुकादमानं शिट्टी मारली, सगळ्यांनी हातोडे टाकले, बायका पदरानं तोंड पुसत सावलीला गेल्या. आई एकटी उन्हात. ठक, ठक, ठक. "आई, शिट्टी झाली," ते म्हणाले. "व्हय व्हय," ती म्हणाली आणि फोडत राहिली. कुणी सांगायला नको, कुणी बघायला नको, हात चालूच. पोराचा ऊर भरून आला. आणि आठवड्यानं चौथी नळी निळी झाली, तेव्हा त्या निळ्या रंगात त्यांना दिसली ती आईच. हुकमावाचून राबणारी. प्रबंधाच्या पहिल्या पानावर एकच ओळ होती, आईच्या नावाची. गाइडनं ती वाचून भुवई उंचावली होती. शास्त्राच्या प्रबंधात हे कशाला, असं. सर हट्टाला पेटले होते. ती ओळ राहील, बाकी काय हवं ते काढा.

मग पाच वर्षांनी आला यंदाचा जून, आणि संस्थेनं बदली केली. साताऱ्याहून सांगलीला. बदलीला कारण लागत नाही. नवी प्रयोगशाळा, नवे नियम. इथले प्रमुख फार कडक, इमारतीत तंबाखू-पान बंद. सर दर तासाला गेटबाहेर जाऊन स्वतःच्या हातानं मळायचे आणि हात धुऊन आत यायचे. दिवाळीनंतर गाइडनं निरोप धाडला: चौथ्या प्रकरणातला तो प्रयोग प्रबंध देण्याआधी एकदा तिथं करून घ्या, परीक्षक विचारतील. त्यात काय, म्हणून सरांनी केला. इथं नळ्या हलवायला हरिबा नव्हता, रबरी बुचं होती. चौथी नळी पांढरी राहिली. सांगलीचे शिंपले वेगळे असतील, म्हणून माहुलीहून ओल्या पोत्यात शिंपले आणवले. पांढरी. पूड जुनी झाली असेल, म्हणून दुसरी कुपी फोडली. पांढरी. तीनदा पांढरी. तेव्हा या शहाण्या माणसानं काय करावं? त्यानं वही मिटली, कपाटात टाकली, कपाटाला कुलूप लावलं, आणि टायपिस्टाला सांगितलं, चालू द्या. सांगलीची प्रयोगशाळाच धड नाही, असं स्वतःला सांगितलं. माणूस थकला की त्याला कुठलंही कारण चालतं. आठ वर्षं दोन नोकऱ्या केल्यासारखी झाली होती, डोळ्यांखाली काळं आलं होतं, झोपेतही नळ्या मोजायचे. शालू, त्यांची बायको, आता काही बोलायची नाही. नुसती ताट वाढून बाजूला बसायची.

शुक्रवारी संध्याकाळी मात्र ती बोलली. गठ्ठा बघून तिनं हात पुसले, त्याला हळदकुंकू लावलं आणि म्हणाली, "झालं ना एकदाचं? उद्या देऊन या, आणि मग आठ दिवस नुसते पडून राहा. माझ्याशी बोलू नका, कुणाशी बोलू नका. झोपा." सर म्हणाले, "उद्या पहाटे साताऱ्याला जातो." ती म्हणाली, "कोल्हापूर तासाभरावर आणि तुम्ही निघालात साताऱ्याला? डोकं ठिकाणावर आहे ना?" सर म्हणाले, तिथून साडेनऊची कोल्हापूर गाडी धरली की एकला पोचतो, हरिबाला प्रत दाखवायची आहे, त्यानं एवढी मदत केली. हे खोटं नव्हतं. पण खरं निराळं होतं. त्यांना हरिबाच्या तोंडून एक वाक्य ऐकायचं होतं: सर, मी दर वेळी हात धुऊनच नळीला हात लावायचो. एवढं ऐकलं की संपलं. मग चौथी नळी निळीच, सांगलीचं पाणीच खराब, खिडकी दोनला बंद होते, आपण एकला पोचतो. एका वाक्यासाठी ते दीडशे मैल फिरणार होते.

पहाटेच्या गाडीत थंडी होती आणि काचा खुळखुळत होत्या. इस्लामपूरला उजाडलं. उसाच्या ट्रॉल्यांनी रस्ता अडवला होता, ड्रायव्हर खिडकीतनं शिव्या देत होता. शेजारी एक लष्करातून सुट्टीवर आलेला माणूस बसला, ट्रंक पायाखाली सारली आणि लगेच खिशातून पुडी काढली. डाव्या तळव्यावर तंबाखू, नखानं चुना, आणि उजवा अंगठा गोल गोल फिरायला लागला. मग दोन टाळ्या, धूळ उडाली, आणि तळवा आधी सरांपुढं आला. आपल्याकडची रीतच ती: मळणाऱ्यानं आधी दुसऱ्याला द्यायची. "घ्या की," तो म्हणाला. सरांनी चिमूट घेतली, पण ते त्याच्या अंगठ्याकडे बघत होते. तो त्या माणसानं पँटला पुसला. पुसलेला स्वच्छ दिसला. कासेगाव यायच्या आत नखाच्या कडेला पांढरी रेघ उगवली. "काय बगताय?" माणूस म्हणाला. "काही नाही," सर म्हणाले, "चुना चांगला आहे." माणूस खूश झाला. "कोकनातला हाय. शिंपल्याचा. लय कडक." शिंपल्याचा! सरांना हसू आलं, आणि ते हसू तोंडापर्यंत न येता मध्येच कुठंतरी विरून गेलं.

ही सवय त्यांना आईनं लावली. मेंढरांमागे चालताना ती मळायची, निम्मी पोराला, निम्मी स्वतःला, भूक मरायची. पुढं प्राध्यापक झाल्यावर चारचौघांत मळायची लाज वाटायला लागली. इतर प्राध्यापक सिगारेटी ओढायचे, एकजण पाइप. मग ते काम हरिबाकडं गेलं. प्रयोग सुरू करायच्या आधी सर नुसतं म्हणायचे, "हरिबा," आणि हरिबा पाठ फिरवून मळायचा आणि चिमूट पुढं करायचा. सरांचा हात कोरा, हरिबाचा भरलेला. मग सर मनगटावरचं घड्याळ बघत "हं" म्हणायचे आणि हरिबा नळ्यांना अंगठे लावायचा. किती वर्षं? पाच. बाकीच्या नळ्यांत कॅल्शियम होतंच, त्यांना चुना लागला काय, न लागला काय. कळलं असतं ते चौथीतच. आणि चिमटीनं वापरलेली ती महागाची पूड, तिच्या मुठीत मावून मावून किती मावणार होतं? शेजारचा माणूस आता बढतीचं काही सांगत होता. सर मान हलवत होते. त्यांना मिरजेचा दवाखाना आठवत होता, दोन वर्षांमागचा, आई गेली तेव्हाचा. पडल्यापडल्या तिचा उजवा अंगठा डाव्या तळव्यावर फिरायचा. तंबाखू नाही, चुना नाही, नुसता अंगठा. तास तास. नर्स म्हणाली, सवय असते. सरांना तेव्हाही भरून आलं होतं: बघा, मरतानाही हात राबतोय. आणि तेव्हा आई काय म्हणाली होती ते त्यांनी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं, स्वतःलाही नीट सांगितलं नव्हतं. ती म्हणाली होती, "अर्जुना, धर की रं त्यो हात. लय दमले. मला थांबवंना झालंय." त्यांनी हात धरला होता. हातात धरलेला अंगठा आत वळवळत राहिला होता. खडीच्या ढिगावरही ती दमलीच असेल. शिट्टी ऐकू आली असेल, थांबावंसं वाटलं असेल, आणि जमलं नसेल. आणि हा पोरगा समोर उभा राहून ऊर भरून घेत होता! कराड मागं पडलं होतं. सरांना स्वतःची शिसारी आली.

साताऱ्याच्या कॉलेजला सुट्टी होती, पण हरिबा प्रयोगशाळेत होता. बेडकांच्या टाकीचं पाणी बदलत होता. सरांना बघून त्यानं बादली तिथंच ठेवली. "आवं सर! पुस्तक झालं म्हना की!" त्यानं गठ्ठ्याकडे नुसतं बघितलं, हात लावला नाही. पँटला हात पुसले, मग खांद्यावरच्या फडक्याला पुसले. "बसा, बसा. थांबा, तुमची चंची हितंच ऱ्हायलीय." आणि सरांनी नको म्हणायच्या आत त्यानं फडताळातनं ती जुनी चंची काढली, पाठ फिरवली आणि मळायला लागला. सहा महिन्यांत तंबाखूचा कोळसा झाला असेल. दोन टाळ्या. चिमूट पुढं आली. सरांनी घेतली. हरिबाच्या तळव्यावर काही उरलं नाही, हे त्यांना तेव्हा पहिल्यांदा दिसलं. "तू घे की." हरिबा हसला. "मी कवा खातोय, सर? एकाहत्तर सालीच सोडली न्हवं का. पोरगं दुखन्यातनं उठलं तवा ज्योतिबाला बोलून बसलोय. जिभंला लावली न्हाई तवापास्नं." सरांनी विचारलं, "मग मळत होतास ते?" "तुमच्यासाठी की," हरिबा म्हणाला, जणू यात विचारण्यासारखं काय आहे.

म्हणजे ते व्यसन हरिबाचं नव्हतंच. सरांनी येताना सगळ्या वाटेत मनाशी कुठं ना कुठं धरून ठेवलं होतं, की शिपाईमाणूस, तंबाखू खाणारच, हात धुणार नाहीच. तेही गेलं. आता उरलं ते एक वाक्य. "हरिबा, मळल्यावर हात धुवायचास का रे तू? नळ्या हलवायच्या आधी?" हरिबानं डोकं खाजवलं. मन लावून आठवलं. खोटं बोलायचं त्याला सुचलंच नाही. "धुवायला येळ कुटं असायचा, सर? तुमी घाई करायचा न्हवं. 'हरिबा, आटप, बरफ इरघळतोय.' मी आपला फडक्याला पुसायचा आनि घ्यायचा नळी." त्यानं अंगठा हवेत धरून दाखवला, उलटा, सुलटा. मग त्याला काही आठवलं आणि चेहरा उजळला. "आनि त्ये वो, नळीच्या तोंडाला पांढरं कडं यायचं वाळल्यावर. मी तुमाला इचारलं हुतं एकदा. त्या दुष्काळाच्या साली, तुमी मला मिठी मारली न्हवं का, त्याच दिवशी सांजच्याला. म्हनलं सर, ह्ये पांढरं कशाचं हाय? घासू का? तर तुमी म्हनला, असू दे."

असू दे. सरांना ते आठवलं. सगळं आठवलं, शब्द न् शब्द. पश्चिमेच्या खिडकीतनं ऊन येत होतं, हरिबा नळ्यांचा स्टँड घेऊन उभा होता, चौथ्या नळीच्या तोंडाला नखाएवढं पांढरं कडं होतं, आणि सर वहीत आकडे उतरून घेत होते. त्यांनी मान वर केली होती. त्यांनी ते कडं बघितलं होतं. एक क्षणभर, काल नाथाजीच्या दुकानात चुकली तशीच, पोटात पायरी चुकली होती. आणि मग आईचा हातोडा आठवला होता, आणि त्यांनी मान खाली घालून म्हटलं होतं, असू दे, हरिबा. म्हणजे चूक हरिबाच्या अंगठ्याची नव्हतीच. विचारणारा विचारून गेला होता. हुकूम आला होता, आणि थांबायचं ज्यानं, तो थांबला नव्हता.

"सर, त्यानं काय बिगाडलं न्हाई न्हवं?" हरिबानं विचारलं. आवाज उतरला होता. सरांनी बघितलं, तो अंगठा मुठीत लपवत होता. एका वाक्यासाठी ते इथवर आले होते, आणि आता वाक्य त्यांनाच बोलायचं होतं. "नाही रे. तुझ्या हातनं काही बिघडलं नाही. विचारलंस ते बरोबर होतं, घासायलाच पाहिजे होतं. चूक माझी." हरिबाला पटलं की नाही कोण जाणे. त्याला बरं वाटावं म्हणून सरांनी सुतळी सोडली, वरची प्रत उघडली, आभाराचं पान काढलं. "हे बघ, तुझं नाव." इंग्रजी अक्षरांवर हरिबानं लांबूनच बोट धरलं. "काय लिवलंय?" सरांनी वाचून अर्थ सांगितला: हरिबाच्या हातांशिवाय हे काम झालंच नसतं. हरिबा टाकीतल्या बेडकांकडे बघत डोळे पुसत होता. "लय मोटं काम केलं तुमी, सर," तो म्हणाला. "आता जरा इसावा घ्या. वाळलाय लय."

साडेनऊच्या कोल्हापूर गाडीत ते बसले. तिकीट कोल्हापूरचं काढलं, कारण तोंडातून तेच नाव आलं. गठ्ठा मांडीवर. हिशेब सोपा होता: एकला पोचायचं, खिडकीत प्रती सरकवायच्या, पावती घ्यायची. कुणाला कळणार? नाथाजीला ठसा माहीत होता, कडं माहीत नव्हतं. हरिबाला कडं माहीत होतं, त्याचा अर्थ माहीत नव्हता. वही कुलपात. परीक्षक निळे आकडे बघतील, डॉक्टर मेटकरी म्हणतील, घरी शालू म्हणेल झोपा, आणि ते झोपतील. खरंच झोपतील? उंब्रज गेलं. पहिल्या पानावर आईचं नाव, आणि आत तिच्या नावानं दोनशे पानं चुना. हे त्यांना सहन होईना. तीही दमली होती. तिनं कधी म्हटलं नव्हतं, की मी न थांबणारी आहे. ते तिच्या पोरानं म्हटलं, छापलं, बांधलं. कराडला गाडी अर्धा तास थांबली. सर उतरले नाहीत. गाडी निघाली तेव्हा त्यांच्या लक्षात आलं, की उजवा अंगठा डाव्या तळव्यावर फिरतोय. हरिबानं दिलेली चिमूट केव्हाच संपली होती. नुसता अंगठा. कधीपासून, देव जाणे. त्यांनी तो दुसऱ्या हातानं धरला. आत वळवळला. त्यांनी घट्ट धरला, आणि मनातल्या मनात नव्हे, ओठांतल्या ओठांत म्हणाले, बास. बास झालं आता.

पेठ नाक्याला सरळ रस्ता कोल्हापूरला जातो, डावा इस्लामपूरवरून सांगलीला. गाडी थांबली, चार माणसं चढली, आणि कंडक्टरनं डबल बेल द्यायला हात दोरीला लावला तेव्हा सर उठले, माणसांना धक्के देत खाली उतरले. "ओ पावणं!" कंडक्टर दारातनं ओरडला. "तिकीट कोल्हापूरचं हाय तुमचं! वाया जाईल की!"

"असू दे," सर म्हणाले.

म्हणाले आणि स्वतःच दचकले. गाडी धूळ उडवून निघून गेली. रस्त्याकडेच्या मैलाच्या दगडावर ते गठ्ठा घेऊन बसले. सोमवारी कुलूप उघडायचं, गाइडला पत्र लिहायचं, पुन्हा नोंदणी करायची, देतील तर. पुन्हा पहिल्यापासून नळ्या. चव्वेचाळिसावं लागलं होतं. शालूला काय सांगायचं, ते सुचत नव्हतं. वरच्या प्रतीवरचा ठसा उन्हात अगदी ठसठशीत दिसत होता. त्यांनी तो पुसला नाही. सांगलीची गाडी यायला वेळ होता. त्यांनी उजव्या अंगठ्यावरची पकड हळूच सैल केली आणि वाट बघितली. अंगठा मांडीवर नुसता पडून राहिला.